पेटीनं पोट भरतं का?

आमच्या लिंबागणेशात पोरगं पेटीला बसलं की नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला, "यानं पोट भरेल का?" मंडळी, गोविंदराव टेंब्यांकडे बघा. नावाजलेले पेटीवादक. १९११ मध्ये 'मानापमान'ला चाली दिल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, स्वतः नट म्हणून उभे राहिले. पुढे ती सोडून शिवराज नाटक मंडळी काढली. तीही बंद पडली. पण १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' बोलपटात हरिश्चंद्र तेच आणि संगीतकारही तेच!

कंपन्या बुडतात, जमाना बदलतो. अंगातली विद्या नवं दार शोधते. हाल होतील, नाही कोण म्हणतो? पण "एकच काय ते ठरव" असा धोशा पोराच्या मागं लावू नका. आधी त्याला नीट शिकू तर द्या...