अर्धे हळकुंड

हल्ली घरोघरी एखादा मुलगा किंवा मुलगी प्रोग्रॅमिंग शिकत असते. चार महिने होतात न होतात, तोच शिकलेले लिहून चारचौघांपुढे मांडावे अशी हुक्की येते. वडील म्हणतात, "अरे, आधी नीट शीक तरी! अर्ध्या हळकुंडाने पिवळा कशाला होतोस?" वडिलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तरी आमचा कौल मुलाच्या बाजूने आहे.

कारण जाणत्याला आपले जुने अज्ञान आठवत नाही. चकलीच्या भाजणीत मोहन किती घालायचे, असे आजीला विचारा. "अंदाजाने घाल," हे उत्तर ठरलेले! आजी काही लपवीत नसते. हाताला कळते ते तिला शब्दांत सांगता येत नाही, इतकेच. १९९० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी आपल्या प्रबंधासाठी याची गमतीदार परीक्षा घेतली. काही जणांना परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला आणि ऐकणाऱ्यांना गाणे ओळखायला सांगितले. निम्मी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ओळखली गेली ३! वाजवणाऱ्याच्या कानांत सूर घुमत होते, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक.

प्रोग्रॅमिंगमधले मुरलेले पंडित पुष्कळदा अशीच टकटक करतात. पायथॉन भाषेत 'रेंज'ला १ आणि १० हे आकडे दिले, की मोजणी ९ वरच थांबते. पंडिताला यात सांगण्यासारखे काही वाटतच नाही. कालच त्यापायी दोन तास डोके धरून बसलेला मुलगा मात्र तेच सर्वांत आधी सांगेल.

मग हळकुंडाचे काय? धोका आहे खरा. पायथॉनमध्ये पूर्वी 'प्रिंट'पुढे कंस लागत नसे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो लागतो. आवृत्ती न सांगता कोणी जुनी रीत लिहून ठेवली, की पुढचा नवशिका रडकुंडीला येतो. ही चूक निदान लगेच दिसते. पण वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसच्या आज्ञेत जोडायला कोणी शिकवले, तर प्रोग्रॅम झकास चालतो आणि चोराला दार उघडे राहते!

म्हणून नवशिक्याने गुरूच्या गादीवर बसू नये. साक्षीदार म्हणून उभे राहावे. तारीख, आवृत्ती, आपण काय केले आणि यंत्राने काय दाखवले, एवढे सांगावे. 'असेच करावे' असे बजावू नये. पासवर्ड आणि पैशांचे व्यवहार यांवर तर जाणत्याला दाखवल्याखेरीज लिहूच नये. कोणी चूक दाखवली, तर त्याच दिवशी दुरुस्त करावी.

शिवाय पहिला लाभ लिहिणाऱ्याचाच. लिहिता लिहिता पुढचे वाक्य सुचेनासे झाले, की समजावे, आपल्याला इथेच कळलेले नाही.

तेव्हा वडील मंडळी, या दिवाळीत फराळ करता करता मुलाचा लेख वाचायला मागा. तुम्ही जिथे अडाल, तिथे बोट ठेवा. तेवढी मदत तुम्हांला प्रोग्रॅमिंग न येताही करता येईल.