दोन इंच खाली!

जपानी क्लासिक गाड्यांचे फोटो बघताना नजर आधी कुठे जाते? रंगावर नाही बॉस, चाकांवर! टायर आणि मडगार्डच्या मधे जेमतेम बोट जाईल एवढी फट, लांबलचक बोनेट आणि रस्त्याला चिकटून बसलेली गाडी. जपानमध्ये या ठेंगण्या स्टाइलला ‘शाकोतान’ म्हणतात. आणि या स्टाइलची लाडकी हिरोइन म्हणजे डॅटसन २४०झेड.

निसानने १९६९ मध्ये ही गाडी आणली. जपानमधलं नाव फेअरलेडी झेड. अमेरिकेत २४०झेड आली ती २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन घेऊन, फक्त ३,५२६ डॉलरला. तिथल्या तरुणाईला स्पोर्ट्‌स कार परवडायला लागली ती अशी. त्यामुळे आजही तिकडे गॅरेजमध्ये झेड घेऊन बसणारे हौशी कमी नाहीत. आणि बहुतेकांची पहिली इच्छा एकच, गाडी खाली बसवायची.

इथेच गंमत आहे. झेडचं बोनेट उघडलं की दोन्ही बाजूंना पत्र्याचे उंचवटे दिसतात, प्रत्येकावर तीन नट. त्यांच्याखाली असतं स्ट्रटचं वरचं माउंट. स्प्रिंग आणि शॉक अब्झॉर्बर एकाच दांड्यात बसवलेला हा मॅकफर्सन स्ट्रट तुमच्या-आमच्या मारुती ८०० आणि स्विफ्टलाही पुढे आहेच. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन त्या रबरी माउंटवर, आणि स्टिअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट फिरतो तोही त्यातल्याच बेअरिंगवर. आपला मेकॅनिक ‘वरचं माउंटिंग गेलंय’ म्हणतो ना, तेच हे!

आता सोपा उपाय म्हणून आखूड स्प्रिंग टाकल्या, तर होतं काय? गाडी खाली आली, पण शॉकचा रॉड तेवढाच नळीत घुसून बसला. खड्डा आला की वर जायला जागाच उरत नाही. स्ट्रट बंप स्टॉपवर आदळतो आणि सगळा दणका थेट माउंटला आणि पत्र्याला. वळणावर हे झालं तर पुढची चाकं एकदम ग्रिप सोडतात. म्हणजे लूक रेसिंगचा, चाल बैलगाडीची.

म्हणून जाणकार आधी माउंटकडे बघतात. हिशोब सरळ आहे. स्ट्रटचं वरचं टोक २५ मिलिमीटर वर सरकवलं, तर गाडी तेवढीच खाली येते. पण रॉड नळीत जास्त घुसत नाही. लूक मिळतो आणि चाकाची हालचालही शाबूत राहते. जोडीला नळी कापून आखूड करतात आणि आत आखूड कार्ट्रिज बसवतात. फक्त बोनेट लागतंय का आणि टायर मडगार्डला घासतोय का, हे आधी मोजायचं.

दुसरा फायदा कॅम्बरचा. मूळ झेडमध्ये पुढचा कॅम्बर बदलायची सोयच नव्हती. रबरी माउंट काढून कॅम्बर प्लेट बसवली की स्ट्रटचं टोक आत-बाहेर सरकवता येतं. स्ट्रटची लांबी साधारण ६० सेंटिमीटर धरली, तर १० मिलिमीटर आत म्हणजे जवळपास एक अंश. पण रबर गेलं की आरामही गेला. गोल धातूच्या बेअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा कानात वाजतो, आणि धूळ-पाणी शिरलं की ते लवकर ढिलंही होतं. ट्रॅकवर मजा, रोज ऑफिसला जाताना डोक्याला शॉट!

आणि माउंट म्हणजे जादूची कांडी नाही. गाडी खाली आली की खालचे आर्मही वर झुकतात. खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. त्यावर इलाज खालीच करावा लागतो. स्ट्रट आणि स्टिअरिंग आर्मच्या मधे स्पेसर घालून.

खरा प्रश्न मात्र कटरचा आहे. काही प्लेट नटांनी बसतात. काहींसाठी टॉवरचा माथा कापून वेल्डिंग करावं लागतं. उंची जास्त मिळते ती यातच. पण झेड गंजासाठी बदनाम आहे, आणि तिला वेगळी चासी नाही. तो पत्रा हाच तिचा सांगाडा. पन्नास वर्षांच्या गंजक्या टॉवरवर वेल्डिंग म्हणजे ओल्या भिंतीत खिळा. वर एकदा कापलेला टॉवर पुन्हा ‘ओरिजिनल’ होत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी गंज तपासा, मग मोजमाप, मग नटांची प्लेट, आणि कटर सगळ्यात शेवटी. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय मधला नट अजिबात सोडू नका. ताणातली स्प्रिंग जीव घेऊ शकते. काम झालं की अलाइनमेंट मस्ट.

आणि हे वाचून आपल्या स्विफ्टकडे बघत असाल, तर जरा थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा. आणि सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकरही मोजून घ्या!