जोगेश्वरीची भिंत ओली आहे, पाणी कुठले?

१/ मुंबईच्या जोगेश्वरी पूर्व भागात, पश्चिम द्रुतगती महामार्गापासून फार दूर नव्हे, पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली नेणारे एक शैव लेणे आहे. काळ सहाव्या शतकाचा. वॉल्टर स्पिंक यांनी तो इ. स. ५२० ते ५५० असा मानला आणि घारापुरीचे लेणे त्यानंतरचे ठरवले. मधोमध चार दारांचे गर्भगृह, त्याभोवती खांबांचा विस्तीर्ण मंडप, लकुलीश, नृत्यमग्न शिव, शिवपार्वतींचा सारीपाट असे शिल्पपट. विस्ताराच्या दृष्टीने देशातील मोठ्या लेण्यांत त्याची गणना होते. देवी जोगेश्वरीची पूजा आत आजही चालते.

२/ शिल्पांची अवस्था मात्र दयनीय आहे. अनेक आकृतींचे चेहरे गेले आहेत, हात झिजून भिंतीत विरघळल्यासारखे दिसतात. खडक मुळातच ठिसूळ, हे एक कारण. दुसरे कारण ओल. पावसाळ्यात या लेण्यात गेलेल्या कुणालाही ती हाताला लागते.

३/ ही ओल येते कुठून? या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते: वरून आणि भोवतालून. लेण्याच्या चहूबाजूंनी वस्ती दाटली, सांडपाणी झिरपू लागले, म्हणून भिंती ओल्या. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरवर नियंत्रण, अशी तरतूद २०१० च्या कायदा-दुरुस्तीने पक्की केली. तरीही जोगेश्वरीच्या चर्चेत अंतरांचे आकडे येतात, छायाचित्रे येतात, संताप येतो. वर्षभराच्या आर्द्रतेचा आलेख क्वचितच येतो. या धाग्याचे म्हणणे एवढेच आहे की तो आलेख आधी यावा. कारण ओल्या भिंतीची कारणे किमान तीन असू शकतात, आणि तिन्हींवरचे उपाय एकमेकांना छेद देणारे आहेत.

४/ पहिले कारण पाझर. खडकाच्या भेगांतून पावसाचे, फुटलेल्या जलवाहिनीचे किंवा गटाराचे पाणी आत येते.

दुसरे कारण दव. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. तो तांब्या गळत नसतो. हवेचे तापमान ३२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. पावसाळ्याच्या तोंडावर अशी हवा लेण्यात शिरली आणि आतला खडक २६ अंशांवर असला, तर छतावर एकही भेग नसताना भिंत पाझरल्यासारखी दिसेल.

तिसरे कारण माणसे. उच्छ्वास जवळजवळ बाष्पाने संपृक्त असतो. तेलाची ज्योतही जळताना पाण्याची वाफ सोडते, हे सहसा ध्यानात येत नाही.

५/ आता उपाय पाहा. पाझर असेल तर वरचे पाणी वळवावे लागते. दव असेल तर त्या दिवसांत बाहेरची हवा आत घेणे हीच चूक ठरते. गर्दीचा बाष्पभार असेल तर नेमके उलट, हवा खेळती ठेवणे हिताचे. आणि निदान न करता भिंतीवर सिमेंटचा लेप दिला, तर आतले पाणी आतच अडते, शिवाय सिमेंटमधले क्षार दगडाला आयते मिळतात. चुकीच्या निदानाची किंमत इथे केवळ दगड मोजत नाही. ओल दवाची असेल आणि दोष पाझराचा म्हणून भोवतालच्या घरांवर ठेवला गेला, तर घरेही जातील आणि भिंतही ओलीच राहील. उलट पाझर सांडपाण्याचाच असेल, तर तो नाकारायला कुणालाही जागा उरू नये, इतका पुरावा हाताशी हवा.

६/ हा पुरावा कसा मिळतो? त्यासाठी आर्द्रता मोजण्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

मराठी घराला हे शास्त्र व्यवहारातून ठाऊक आहे. श्रावणात उघडा राहिलेला पापड सादळतो, मिठाच्या बरणीत पाणी सुटते. वैशाखात माठातले पाणी गार होते, आषाढात तोच माठ निरुपयोगी ठरतो, कारण दमट हवेत पाणी उडून जात नाही. कोरड्या आणि ओल्या फडक्याच्या तापमापकांची जोडी याच तत्त्वावर चालते: एका तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळायचे, दोन्हींतला फरक पाहायचा, फरक जितका कमी, हवा तितकी दमट.

स्वित्झर्लंडच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी त्याआधीच, १७८३ मध्ये, माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक प्रसिद्ध केला होता. पूर्ण कोरड्या हवेतून संपृक्त हवेत नेलेला केस सुमारे दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो. एवढ्याशा लांबीवर दीडशेहून अधिक वर्षे जगभरच्या वेधशाळा आणि संग्रहालये चालली.

७/ विजेवर बोलणारा आर्द्रता-सेन्सर विसाव्या शतकातला. १९३८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील फ्रान्सिस डनमोर यांनी लिथियम क्लोराइडच्या थराचा उपयोग केला. हवा दमट झाली की थराचा विद्युतरोध घटे. फुग्यातून आकाशात सोडायच्या उपकरणांसाठी ते हवे होते. १९७३ मध्ये फिनलंडच्या वायसाला कंपनीने बहुवारिकाच्या पातळ पडद्याचा धारित्र-सेन्सर आणला. पडदा बाष्प शोषतो, त्याची विद्युतधारिता बदलते. आज नखाएवढ्या आकारात मिळणारे बहुतेक सेन्सर याच कुळातले आहेत.

८/ मुंबईने आर्द्रता मोजली ती प्रामुख्याने सुतासाठी. कोरड्या हवेत धागा तुटतो. गिरण्यांच्या दृष्टीने या शहराची दमट हवा हे भांडवलच होते. शिवाय कापूस ओल शोषतो आणि वजनात भर घालतो, म्हणून त्याच्या व्यवहारात ८.५ टक्के ओलावा प्रमाण धरण्याची रीत पडली. माटुंग्याला १९२४ मध्ये कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा उभी राहिली. उष्ण प्रदेशांसाठी धाग्याची चाचणी २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत घ्यावी, असे मानक आहे. म्हणजे सुताच्या एका लडीची ताकद सांगण्यापूर्वी हवेचा दाखला द्यावा लागतो. दीड हजार वर्षांच्या शिल्पाबद्दल मत देताना तो कुणी मागत नाही, हे विचित्रच म्हणायचे.

९/ "हवामान खाते रोज आर्द्रता सांगतेच की," असा आक्षेप येईल. त्याला उत्तर २६ जुलै २००५ या तारखेत आहे. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्यात सुमारे ७३. एकाच शहरातल्या दोन ठिकाणांत एवढी तफावत असू शकते, तर सांताक्रूझच्या मोकळ्या मैदानातला आकडा जोगेश्वरीच्या भूमिगत गर्भगृहाला कसा लागू होईल? लेण्याचे हवामान लेण्यातच मोजावे लागते. आणि एकाच जागी मोजून भागत नाही. दाराशी, मंडपात, गर्भगृहात, आणि हवेबरोबर भिंतीच्या पृष्ठाचे तापमानही.

१०/ आर्द्रतेच्या जोडीला वायू मोजला की निदान स्पष्ट होते. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ४२० च्या आसपास असतो. उच्छ्वासात सुमारे ४०,०००. त्यामुळे हा वायू माणसांची हजेरी लावतो.

आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड एकदमच चढले, तर ओल गर्दीची किंवा दिव्यांची. वायू स्थिर, पण हवेचा दवबिंदू भिंतीच्या तापमानापेक्षा वर गेलेला, तर ओल दवाची. वायू स्थिर, दवबिंदू भिंतीच्या तापमानाच्या बराच खाली, तरीही भिंत ओली, तर पाणी खडकातून येते आहे. आणि ही तिसरी अवस्था ऐन मार्चमध्ये, पावसाचा थेंब नसताना दिसली, तर ते पाणी आकाशातले नव्हे. मग त्यात अमोनिया आणि नायट्रेट तपासून गटारापर्यंतचा माग काढता येतो.

११/ वायूमुळे लेणी बंद पडल्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील लास्कोची चित्रगुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये प्रेक्षकांना खुली झाली. श्वासांतले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांनी भिंतींवर हिरवे शेवाळ आणि पांढरे क्षारस्फटिक आणले. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी ती बंद केली. पंधरा वर्षे पुरली. अजिंठ्यात चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात, त्यामागेही हीच धास्ती आहे.

जोगेश्वरीला मात्र लास्कोचा उपाय लावू नये. हे नांदते देवस्थान आहे. दारे लावून दगड वाचवणे म्हणजे लेणे ज्यासाठी कोरले ते काढून घेणे. मोजमाप हवे ते यासाठीच: किती दिवे, किती गर्दी, कोणत्या महिन्यात किती हवा, याचा तोल भाविकांशी बोलून ठरवता यावा म्हणून.

१२/ येथे तरुण हौशी मंडळींना एक सावधगिरीची सूचना. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारे एमक्यू-१३५ सारखे सेन्सर घेऊन कुणी लेण्यात कार्बन डायऑक्साइड मोजू लागेल, तर तो कापूर मोजत बसेल. हे सेन्सर टिन ऑक्साइडचे. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये या तत्त्वाचे पेटंट मागितले, आणि त्यातून स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारी घरगुती यंत्रे घडली. त्या कामाला ते उत्तम. पण तापलेल्या टिन ऑक्साइडला धूप, कापूर, मद्यार्क, धूर यांच्यात भेद करता येत नाही. दमट हवेतही त्याचा आकडा सरकतो. कार्बन डायऑक्साइडसाठी अवरक्त किरणांचा सेन्सर लागतो. हा वायू ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण शोषतो. वायू अवरक्त उष्णता शोषतात हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत मोजून दाखवले होते.

१३/ मोजण्याइतकेच मोजमाप तपासणे महत्त्वाचे, आणि त्याचा धडा मुंबईच्याच इतिहासात आहे. कुलाबा वेधशाळा १८२६ ची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मौल्यवान नोंदमालिका चालू होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने चुंबकसुया बिघडतील हे उघड होते. संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. पण कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या-नव्या आकड्यांतला फरक काढला, आणि मगच पुढचे पाऊल टाकले. त्यामुळे दोन जागांची मिळून एक अखंड मालिका अभ्यासकांना लाभली. उपकरण बदलले की जुने फेकून नवे टांगण्याच्या आजच्या घाईला मूस यांचा हा संयम दाखवायला हवा.

१४/ लेण्यात तर ही तपासणी आणखी निकडीची. नव्वद टक्क्यांवरच्या आर्द्रतेत महिनोन्महिने टांगलेला धारित्र-सेन्सर हळूहळू सरकतो. त्यावर दव धरले की वाळेपर्यंत शंभरच दाखवतो. काजळी बसली तर प्रतिसाद मंदावतो. दर काही महिन्यांनी तपासला नाही, तर पाचव्या वर्षीचा आलेख लेण्याचा नसून सेन्सरच्या म्हातारपणाचा असेल.

तपासणीसाठी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा दर वेळी गाठावी लागते असे नाही. प्राथमिक पडताळणी घरच्या मिठावर होते. बाटलीत मीठ घ्यावे, ते पूर्ण विरघळणार नाही इतकेच पाणी घालून ओला रगडा करावा, सेन्सर त्याला न टेकता वर लटकवून झाकण घट्ट लावावे आणि तापमान स्थिर ठेवून रात्र जाऊ द्यावी. २५ अंशांना आतल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सेन्सर ८१ दाखवत असेल, तर तो सहा टक्के खोटे बोलतो आहे.

१५/ हाच ७५ चा आकडा जोगेश्वरीच्या दगडालाही लागू आहे. समुद्राच्या हवेतून, पाझरातून आलेले मीठ खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत साचते. आर्द्रता ७५ च्या वर गेली की ते विरघळते, खाली आली की पुन्हा स्फटिक बनते, आणि वाढता स्फटिक छिद्राच्या भिंतींना रेटतो. इतर क्षार मिसळले की हा उंबरठा थोडा सरकतो, क्रिया तीच. पावसाळ्यात मुंबईची हवा दिवसेंदिवस या रेषेच्या वर असते. हिवाळ्यात पहाटे ती वर आणि दुपारी खाली, अशी एकाच दिवसात रेषा ओलांडू शकते. द्वारपालाच्या गालावरून खाली पडणारी पापुद्र्याएवढी खपली ऐन पावसात न पडता डिसेंबरच्या कोरड्या दुपारी पडू शकते, जेव्हा भिंत हाताला अगदी सुकी लागते आणि ओलीची तक्रार करायला कुणी आलेले नसते.