दिवेलागणीच्या शाळेचा निकाल

उन्हाळा सरत आलेला असतो, वळवाचे ढग अधूनमधून फसवून जात असतात आणि अशाच एखाद्या दुपारी दहावीचा निकाल लागतो. पेढ्यांच्या दुकानांपुढे रांगा लागतात, मामा-मावश्यांचे फोन येतात, शेजारच्या मुलाला किती पडले याची चौकशी सवडीने होते. दरसाल येणारा हा दिवस आता आपल्या सणावारांतच जमा झाला आहे. शिक्षण मंडळ राज्याच्या निकालाचा एक आकडा जाहीर करते. 2024 साली तो 95.81 टक्के होता, 2025 साली 94.10. कोकण विभाग पहिला आल्याचे आता कुणाला नवल वाटत नाही, तरी ते वाचून बरे वाटते. या भरघोस आकड्याच्या पोटात रात्रशाळांचाही निकाल असतो. तो मुद्दाम शोधावा लागतो, आणि हाती आला की बहुधा राज्याच्या सरासरीहून बराच खाली असतो.

तेवढ्यावरून आपण त्या शाळांविषयी मत बनवून मोकळे होतो. निकाल वाचावा कसा, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेले नसते. मुंबईच्या एखाद्या जुन्या वस्तीत दिवसाची शाळा सुटून मुले घरी पांगलेली असतात. दिवे लागतात आणि त्याच इमारतीत, त्याच बुटक्या बाकांवर दुसरी शाळा भरू लागते. पटावर नावे थोडी, आणि वयांचा मेळ कशाशीच न बसणारा. गॅरेजमध्ये हात काळे करून आलेला मुलगा, कॅन्टीनमधली ताटे उचलून आलेला त्याचा मित्र, चार घरची धुणीभांडी आटोपून आलेली मुलगी, गावी आठवीत शाळा सुटली म्हणून काकाच्या खोलीवर राहायला आलेला कुणी, आणि लग्नाआधी अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला स्वतःची मुले मोठी झाल्यावर आलेली एखादी आई. घरात भोजपुरी किंवा तेलुगू बोलून इथे मराठीत इतिहास पाठ करणारेही असतात. एके काळी याच बाकांवर गिरणीतली पाळी करून आलेले बसत. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, कामाची जागा बदलली, पण दिवसभर राबून संध्याकाळी शिकायला येणाऱ्यांची रीघ थांबली नाही.

या मुलांच्या वाट्याला जेमतेम तीन तास येतात, आणि तेही दमलेल्या शरीराचे. गणिताचा तास चालू असताना कुणाचा डोळा लागला तर जाणते गुरुजी त्याला उठवत नाहीत. दिवसाच्या शाळेची प्रयोगशाळा आहे, पण तिची किल्ली रात्री कुणाकडे असते, हा प्रश्न अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे तसाच आहे. पोटाची गोष्ट तर आणखी वेगळी. सरकारी शाळांतला पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंतच्या मुलांसाठी, आणि रात्रशाळेत मुख्यत्वे नववी-दहावीचीच मुले. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. त्याच वर्षापासून कामगार कायदा मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर जाण्याची मोकळीक देतो. वास्तविक तोच कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांकडून सायंकाळी सातनंतर काम करून घेऊ नये असेही सांगतो. रात्री नऊला आपल्यापुढे चहाचा पेला ठेवणाऱ्या पोराचे वय आपण विचारत नाही, ही गोष्ट वेगळी!

राबून रात्री शिकण्याची ही वाट काही आज पडलेली नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली पुण्यात आपल्या घरीच शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला दिवसा शिकता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी ओळखली आणि दिवा लावला. पुढे ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि तिने मुंबईच्या कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालये चालवली. त्या पिढ्यांनी रात्रशाळेकडे उपकार म्हणून पाहिले नाही, कर्तव्य म्हणून पाहिले. आपण मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी वडापावच्या गाडीवर काम करून साठ टक्के मिळवणाऱ्या मुलाचा फोटो छापतो (आम्ही वर्तमानपत्रवालेही त्यात आलोच), कौतुकाने दोन दिवस हळहळतो आणि अकरावीच्या प्रवेशाच्या गोंधळात त्याला विसरतो.

कौतुकाचीही एक आडबाजू असते. कष्ट करून शिकणाऱ्याचे गोडवे गाताना त्याला शिकवायला कुणी आहे की नाही, हे बघायचे राहून जाते. मे 2017 मध्ये शासनाने दिवसा एका शाळेत नोकरी करून रात्री दुसरीकडे शिकवणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळांतून कमी करण्याचा निर्णय घेतला. पूर्णवेळ शिक्षक द्यावेत हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण जून उजाडला तेव्हा कित्येक वर्गांत फळ्यासमोर उभे राहायला कुणी नव्हते. अशा वर्षाचा निकाल घसरला तर तो कोणाचा निकाल म्हणायचा?

म्हणून रात्रशाळांचा निकाल वेगळा जाहीर व्हावा, आणि त्याच्या शेजारी आणखी काही रकाने असावेत: विद्यार्थी किती वयाचे, किती जण कामावर जाणारे, शाळा सुटून किती वर्षांनी परत आलेले, वर्षभरात किती गळाले, आणि नापास झालेल्यांपैकी किती जणांनी पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला. यातला शेवटचा रकाना आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दिवसाच्या शाळेत नापास झालेल्या मुलाच्या पाठीशी घर उभे असते, शिकवणी असते. इथे नापास झालेला पुन्हा कामाला लागतो, आणि जूनमध्ये तो परत वर्गात आला तर ते त्या शाळेचे खरे यश आहे. टक्केवारीत ते कुठेच दिसत नाही. खराब शिकवण्यावर पांघरूण घालावे असा याचा अर्थ कुणी काढू नये. रकाने भरले की उलट कोणती शाळा धडपडते आहे आणि कोणती नुसती अनुदानावर दिवस काढते आहे, तेही उघडे पडेल.

आता पुन्हा जून येईल, नवी वह्या-पुस्तके बाजारात येतील, आपण आपल्या मुलांच्या पुस्तकांना कव्हरे घालू. तेवढ्यातच आपल्या दुकानात, कचेरीत, सोसायटीत किंवा स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसाला एकदा विचारावे, शाळा कितवीत सुटली? जवळच्या रात्रशाळेत त्याचे नाव घालून द्यावे, आणि वर्षभर रोज संध्याकाळी सहाला, पगार न कापता, त्याला मोकळे करावे.