शाळेतले महाविद्यालय

दरवर्षी हिवाळा सरत आला की अमेरिकेतील हायस्कुलांतून पुढील वर्षाचे विषय निवडण्याची धांदल सुरू होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींपुढे एक तक्ता ठेवला जातो आणि त्यावर त्यांनी व त्यांच्या पालकांनी खुणा करावयाच्या असतात. वरकरणी ही वेळापत्रकाची बाब दिसते. परंतु शाळेत असतानाच महाविद्यालयीन दर्जाचा अभ्यास करावयाचा की नाही, करावयाचा तर कोणत्या मार्गाने, आणि त्याचे श्रेयांक पुढे कोण मान्य करणार, हे तीन प्रश्न त्या खुणांमागे दडलेले असतात. पदवीच्या खर्चात एखाद्या वर्षाची बचत होते की नाही, हेही पुष्कळदा त्यांवरच अवलंबून असते. इतका मोठा निर्णय इतक्या कोवळ्या वयात आणि इतक्या अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागावा, ही या व्यवस्थेतील खरी अडचण आहे.

मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’चा. हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे आणि तीन नामवंत खाजगी शाळा यांच्या प्राध्यापक-शिक्षकांनी १९५२ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. शाळेची अखेरची आणि महाविद्यालयाची पहिली वर्षे यांत हुशार विद्यार्थ्यांना तेच ते पुन्हा शिकावे लागते, ही त्यांची तक्रार होती. फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशावर प्रयोग झाले आणि १९५५ साली ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने ही योजना आपल्याकडे घेतली. आज सुमारे चाळीस विषयांचे अभ्यासक्रम तीत आहेत. दर मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते आणि १ ते ५ या श्रेणीत गुण मिळतात. ३ किंवा त्यावरील गुणांना अनेक महाविद्यालये श्रेयांक देतात. काही मात्र ४ किंवा ५ मागतात.

दुसरा मार्ग ‘इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट’चा. जिनिव्हा येथे १९६८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यात सहा विषय, ज्ञानाच्या स्वरूपाचा विचार करणारा एक स्वतंत्र पाठ आणि चार हजार शब्दांपर्यंतचा एक दीर्घ निबंध यांचा समावेश होतो. येथे विषय सुटे वेचता येतात, पण खरी पदविका हवी तर संपूर्ण ताटच घ्यावे लागते. तिसरा मार्ग दुहेरी प्रवेशाचा. विद्यार्थी शाळेत असतानाच जवळच्या सामुदायिक महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा प्रत्यक्ष पाठ घेतो. कधी तेथे जाऊन, कधी आपल्याच शाळेच्या वर्गात. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायद्याने हा मार्ग राज्यभर खुला केला, आणि विद्यार्थ्यामागचा सरकारी पैसा शाळेऐवजी महाविद्यालयाकडे वळेल अशी तरतूद केली. वॉशिंग्टन राज्याने १९९० साली त्याच धर्तीचा कायदा केला. २०२२-२३ या वर्षात असे पाठ घेणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांची संख्या देशभरात सुमारे २५ लाख होती. या मार्गाची लोकप्रियता किती वाढली आहे, याची कल्पना त्यावरून यावी.

या मार्गांतील भेद नीट ध्यानात घेतला नाही तर निवड फसते. अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटमध्ये वर्षभराच्या श्रमाचा निकाल एका दिवशी, तीन तासांच्या परीक्षेत लागतो. पण तो बिघडला तर महाविद्यालयाच्या गुणपत्रकावर त्याचा डाग पडत नाही. दुहेरी प्रवेशात वर्षभराच्या कामावर श्रेणी मिळते, एका परीक्षेचा जुगार नसतो. मात्र ती श्रेणी महाविद्यालयाच्या कायम नोंदीत जाते. पुढे वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करताना सोळाव्या वर्षी मिळवलेली ती श्रेणीही दाखवावी लागते. अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे गुण देशात कोठेही कळतात. दुहेरी प्रवेशाचे श्रेयांक त्याच राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात बहुधा चालतात, पण राज्याबाहेर किंवा खाजगी महाविद्यालयात त्यांची काय किंमत होईल, याचा भरवसा नसतो. एकाची परीक्षा-फी शंभर डॉलरच्या आसपास आहे. दुसऱ्याची फी काही राज्यांत सरकार भरते, तर काही राज्यांत पालकांना भरावी लागते.

वरच्या दर्जाचा अभ्यास शाळेत आणण्याची कल्पनाच चुकीची, असे म्हणणारे काही टीकाकार आहेत. त्यांना लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफील्ड हायस्कूलचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांच्या वस्तीतील या शाळेत बोलिव्हियातून आलेले हाइमे एस्कलांते गणित शिकवत. १९८२ साली त्यांच्या १८ विद्यार्थ्यांनी कलनशास्त्राची अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षा दिली आणि सर्व उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला त्यांतील १४ जणांच्या उत्तरांतील साम्याचा संशय आला. १२ जण पुन्हा परीक्षेस बसले आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाले. या घटनेवर १९८८ साली चित्रपट निघाला आणि एस्कलांते यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु चित्रपटात जे झटपट घडल्यासारखे वाटते, त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती. खालच्या इयत्तांतील गणित सुधारावे लागले, सुट्टीतील वर्ग चालवावे लागले, आणि मुलांना आपण हे करू शकतो असा विश्वास द्यावा लागला. अभ्यासक्रमाचे नाव मोठे असून भागत नाही. त्याखालचा पाया आणि वर्गातला शिक्षक मोठा असावा लागतो, हाच गारफील्डचा धडा आहे.

हा धडा सर्वत्र गिरवला गेला नाही. १९९९ साली इंगलवूड या कॅलिफोर्नियातील गावच्या विद्यार्थ्यांच्या वतीने राज्य सरकारवर खटला भरण्यात आला. राज्याचे विद्यापीठ प्रवेश देताना वरच्या दर्जाच्या पाठांना अधिक गुण देते आणि कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाच्या मुलांच्या शाळांत ते पाठच पुरेसे उपलब्ध नसतात, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार रास्त होती. जी शिडी काहींच्याच अंगणात उभी आहे, तिच्यावर कोण किती चढला हे मोजून गुणवत्ता ठरवणे हा न्याय नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठ अशा पाठांचे जादा गुण आठ सत्रांपुरतेच मोजते. ही मर्यादा शहाणपणाची आहे. पण ती अनेक पालकांना ठाऊकच नसते आणि मुले आठाची सोळा सत्रे करीत रात्री जागतात.

हव्यासाचा हा भाग पहिल्या भागाइतकाच चिंताजनक आहे. ज्या योजनेचा जन्म पुनरावृत्ती टाळण्यासाठी झाला, ती कित्येक संपन्न वस्त्यांत प्रवेशाच्या शर्यतीतील अलंकार बनली. इतिहास आवडतो म्हणून इतिहास, जीवशास्त्राचे कुतूहल आहे म्हणून जीवशास्त्र, असे न राहता शेजारच्या मुलाने सात घेतले म्हणून याने आठ घ्यावयाचे, अशी रीत पडली. डार्टमथ महाविद्यालयाने २०१३ साली जाहीर केले की, पुढील वर्षापासून दाखल होणाऱ्यांना या परीक्षांच्या आधारे पदवीचे श्रेयांक मिळणार नाहीत. २०१८ साली वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील आठ खाजगी शाळांनी हे अभ्यासक्रम २०२२ पर्यंत बंद करण्याचा निर्णय एकत्रितपणे घोषित केला. आपले शिक्षक स्वतःचे अधिक सखोल पाठ तयार करतील, असा त्यांचा दावा होता. त्यात तथ्य असेलही. तथापि ज्यांच्या नावालाच बाजारात पत आहे, त्या शाळांना बाहेरचे प्रमाणपत्र टाकून देणे परवडते. अनोळखी गावातील अनोळखी शाळेच्या मुलाला मात्र आपली योग्यता सिद्ध करण्यासाठी देशभर मान्य असलेले एक माप हवेच असते. तेव्हा श्रीमंतांच्या कंटाळ्यावरून गरिबांचे साधन मोडीत काढणे योग्य होणार नाही.

मग निवड करावी तरी कशी? पहिली कसोटी पुढे कोठे जावयाचे, ही. आपल्याच राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात जावयाचे निश्चित असेल आणि खर्चाची चिंता असेल, तर दुहेरी प्रवेशाचा मार्ग सर्वांत व्यवहार्य ठरतो. कोठे जाणार हे अनिश्चित असेल, तर अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे देशभर कळणारे गुण अधिक सुरक्षित. लिहिण्याची, वाद घालण्याची आणि सर्व विषय एकत्र पेलण्याची आवड असेल, तर बॅकॅलॉरिएट. पण केवळ प्रतिष्ठेसाठी ते घेणाऱ्याची दोन वर्षे ओझे वाहण्यात जातात. दुसरी कसोटी वर्ग कोण शिकवतो, ही. चांगल्या शिक्षकाचा साधा पाठ, तयारी नसलेल्या शिक्षकाच्या मोठ्या नावाच्या पाठापेक्षा कधीही श्रेयस्कर. तिसरी कसोटी मुलाच्या दिवसात किती तास आहेत, ही. घरच्या दुकानात हात लावणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलाला दोन पाठ नीट करता आले, तर ते इतरांच्या सहांइतके मोलाचे मानले पाहिजेत.

हा सल्ला द्यावयाचा कोणी? तेथील शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे म्हणते. प्रत्यक्षात देशाची सरासरी साडेतीनशेच्या वर आहे. परिणामी ज्या घरात आईवडील स्वतः महाविद्यालयात गेलेले आहेत, तेथे माहिती घरातूनच मिळते. इतरांची मुले कानावर आले तेवढ्यावर खुणा करतात. सार्वजनिक विद्यापीठांनी ३ गुणांना श्रेयांक द्यावेत असे कायदे इलिनॉयसारख्या राज्यांनी केले आहेत. त्यांचे अनुकरण सर्वत्र व्हावे. त्याच्या जोडीला प्रत्येक विद्यापीठाने कोणत्या पाठाला नेमके किती श्रेयांक मिळतील, आणि ते पदवीच्या आवश्यक विषयांत धरले जातील की नुसत्या बेरजेत, हे निवडीपूर्वी स्पष्ट सांगण्याचे बंधन हवे. बेरजेत पडलेले पण पदवीला न लागणारे श्रेयांक म्हणजे न वटणारी हुंडीच होय.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही धावपळ परिचयाची आहे. मुलांना दहावीच्या गुणांच्या काट्यावरून सोडवले म्हणावे, तर पाठांच्या संख्येचा नवा काटा समोर उभा राहिला. विशेष म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटमध्ये चिनी, जपानी, लॅटिन अशा भाषा असल्या तरी एकही भारतीय भाषा नाही. मुलगा मराठी शिकला तर त्या शर्यतीत त्याचा उपयोग शून्य. ती त्याने शिकावी की नाही, हे आईबापांनी शर्यत बाजूला ठेवूनच ठरवावयाचे आहे.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ साली श्रेयांकांची बँक आली आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय शिक्षणालाही त्या हिशेबात ओढले. अकरावीला द्विलक्षी विषय घेताना त्या विषयाच्या ओढीपेक्षा त्यातून मिळणाऱ्या गुणांचाच विचार अनेकदा होतो, हे येथील प्राध्यापकांना सांगावयास नको. श्रेयांकांच्या नव्या हिशेबातही तेच होण्याचा धोका आहे. अमेरिकेच्या सत्तर वर्षांच्या अनुभवातून घेण्याजोग्या गोष्टी दोन. श्रेयांक जमा करण्याची सोय करण्याआधी ते वटतील याची हमी द्यावी, आणि वरचा पाठ सुरू करण्याआधी तो शिकवणारा शिक्षक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचवावा. हे झाले तर शाळेतले महाविद्यालय मुलांच्या उपयोगी पडेल. न झाले, तर आधीच भरलेल्या दप्तरात आणखी एक पुस्तक तेवढे वाढेल.