मत कोणाचे, मरण कोणाचे?

‘इच्छामरणाच्या कायद्याला जगभर पाठिंबा वाढतोय, मग भारतच मागे का?’ हा प्रश्न आपल्याकडच्या सुशिक्षित वर्तुळात वरचेवर ऐकू येतो. सोबत आकडे फेकले जातात. न्यूझीलंडमध्ये २०२० च्या सार्वमतात ६५ टक्के लोकांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला. ओरेगॉनमध्ये १९९४ साली हा कायदा जेमतेम ५१ टक्के मतांनी संमत झाला आणि तीन वर्षांनी तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ६० टक्के मतदारांनी तो फेटाळला. झुरिकमध्ये २०११ साली साहाय्यित आत्महत्येवर बंदी घालायची का, असे विचारले तर सुमारे ८५ टक्के लोक नाही म्हणाले.

आकडे खरे आहेत. त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जीव देवाने दिला, म्हणून तो देवानेच न्यावा, हा चर्चचा युक्तिवाद माझा नाही. शेवटचे काही दिवस उरलेल्या माणसाला धर्मग्रंथ दाखवून तडफडत ठेवणे ही क्रूरताच आहे. माझा प्रश्न साधा आहे : हे मत देते कोण?

ओरेगॉनचे सरकार दरवर्षी अहवाल काढते. लोक मरण का मागतात, याच्या कारणांत वेदना वरच्या क्रमांकावर नसते. ‘स्वायत्तता गेली’, ‘आवडीच्या गोष्टी करता येत नाहीत’ ही कारणे वर असतात. मागणारे बहुतेक गोरे, वृद्ध, शिकलेले. म्हणजे गरिबांना तिथे मरणाकडे ढकलले जाते, असे ही आकडेवारी दाखवत नाही. माझ्या बाजूला ही माहिती अडचणीची आहे, पण लपवण्यात अर्थ नाही. तिथल्या कायद्याला कुंपणही पक्के आहे : सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित हवा आणि औषध रुग्णाने स्वतः घ्यायला हवे. तरीही ती कारणे पुन्हा वाचा. दुसऱ्याने आंघोळ घालावी लागणे म्हणजे प्रतिष्ठा जाणे, असे धडधाकट माणसाला वाटते. ज्याला जन्मभर दुसऱ्यानेच आंघोळ घातली, त्या अपंग माणसाने याचा काय अर्थ घ्यायचा?

कॅनडाने हे कुंपणच काढले. तिथे २०१६ साली कायदा आला, तेव्हा मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असण्याची अट होती. २०२१ साली ती काढली. आता मरणाच्या दारात नसलेला, पण गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेला माणूसही अर्ज करू शकतो. देशभरातल्या अपंगांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या, तरी कायदा झाला. त्याआधी २०२० साली संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने या बदलामुळे आरोग्यखर्चात ६.२ कोटी डॉलर वाचतील, असा अंदाजही मांडला होता. एकूण आरोग्यखर्चात ही रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण असा हिशेब कोणाच्या मरणाचा मांडला जातो, हेही पाहा.

२०२३ साली कॅनडात १५,३४३ जणांचा मृत्यू या मार्गाने झाला. त्यांपैकी ६२२ जणांचा मृत्यू नजीक नव्हता. ‘फक्त ६२२’ म्हणणारे आहेत. ऑन्टारिओच्या मुख्य कॉरोनरच्या समितीने २०२४ साली दाखवून दिले, की या दुसऱ्या गटातले लोक अधिक वंचित वस्त्यांत राहणारे असण्याचे प्रमाण पहिल्या गटापेक्षा जास्त आहे. २०२५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने हा मार्ग बंद करा, असे कॅनडाला सांगितले. आणि जनमत? २०२३ च्या एका सर्वेक्षणात चारातल्या एकाहून अधिक कॅनेडियनांना केवळ गरिबी किंवा बेघरपणाच्या कारणावरूनही हा मृत्यू मंजूर होता.

बहुमताने काय होते, हे आपल्याला परक्याने शिकवायला नको. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला आणि सत्याग्रह झाल्यावर १९२७ सालीच तो मागे घेतला. ज्याची तहान होती त्याला कोणी विचारले नव्हते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली अरुणा शानबाग प्रकरणात आणि २०१८ साली उपचार थांबवण्याची मुभा दिली, सक्रिय इच्छामरणाला नाही. अरुणाच्या बाबतीत याचिका बाहेरच्या व्यक्तीची होती. केईएममधल्या ज्या परिचारिकांनी तिला अनेक दशके सांभाळले, त्यांनी ठाम विरोध केला. सांभाळणाऱ्याचे मत आणि बघणाऱ्याचे मत यांत एवढे अंतर असते.

मी ज्या वॉर्डात जाते, तिथे तोंडाच्या कॅन्सरची एक आजी होती. ‘पोरी, एखादं इंजेक्शन देऊन टाक, पोराचा रोज बुडतोय’ म्हणायची. मॉर्फिन मिळवायला आम्हाला नऊ दिवस लागले. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने हे साधे औषध दुर्मिळ करून ठेवले, २०१४ साली नियम सैल झाले, तरी खाली पोचायला वेळ लागतोच. गोळ्या सुरू झाल्या, मुलाच्या राहण्याची सोय झाली, आणि आजीने इंजेक्शनचा विषय काढणे बंद केले. नंतर महिनाभर ती जगली. मागायची ती पातळ पेज आणि नातीचा फोन.

इथे कायदा हवा म्हणणाऱ्यांनी आधी तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फिन आहे का, ते विचारून यावे. मग मतदान घ्या. पहिली मते त्या वॉर्डातली घ्या.