अंतराळात कुर्ला नाही

देवनारहून गोवंडी स्टेशनकडे जाताना रस्त्यात एक लहानसे गॅरेज लागते. रिक्षाखाली उताणा पडलेला मिस्त्री न पाहताच हात बाहेर काढतो आणि पोऱ्या त्या हातात नेमका दहाचा पाना ठेवतो. एखादा पार्ट जवळ नसला, तर पोऱ्याला कुर्ल्याला पिटाळायचे. दुपारपर्यंत रिक्षा पुन्हा रस्त्यावर!

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक आपल्या डोक्यावर सुमारे ४०० किलोमीटरवरून फिरते. म्हणजे मुंबईहून सोलापूर जितके दूर, जवळजवळ तितकेच. पण तेथे कुर्ला नाही. लागणारा सुटा भाग आधीच नेऊन ठेवलेला हवा, नाहीतर पुढच्या यानाची वाट पाहत बसायचे. मग सगळेच भाग का नेऊन ठेवू नयेत, असे कोणी विचारील. अडचण वजनाची आणि जागेची आहे. शिवाय काय मोडणार हे आधी कोणाला कळते? नेलेले कितीतरी भाग नुसते पडून राहतात आणि मोडते ते भलतेच.

जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर निघाले, त्या वेळची गोष्ट पाहा. स्थानकावर मूत्र शुद्ध करून त्याचे पुन्हा पिण्याचे पाणी करतात. त्या यंत्रणेतला एक पंप बिघडला होता. नवा पंप नेण्यासाठी या दोघांच्या कपड्यांच्या बॅगा यानातून उतरवाव्या लागल्या. आठेक दिवसांसाठी गेलेली ही माणसे पुढे नऊ महिने तेथे राहिली, हे आपण जाणतोच. याच सुनीताबाईंनी सप्टेंबर २०१२ मध्ये अकिहिको होशिदे यांच्यासह वीजपुरवठ्याचा एक नवा भाग स्थानकाबाहेर बसवला. त्याचा बोल्ट काही केल्या बसेना, तेव्हा साध्या दात घासायच्या ब्रशाचे अवजार करून त्यांनी आटे साफ केले.

भाग असूनही तो बसला नाही तर? एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर हेच झाले. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे मुख्य यानात पुरेसे होते. पण ते चौकोनी, आणि ज्या चांद्रयानात तिघांनी आसरा घेतला होता तेथली खाच गोल! अखेर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांनी जुगाड जमले व तिघांचे प्राण वाचले.

तरीही आपण टाळ्या वाजवतो त्या उड्डाणाला. नवे बांधणारा तो थोर आणि जुने चालते ठेवणारा तो हरकाम्या, ही आपली जुनीच समजूत. वर्गातला पंखा महिनोन्महिने बंद राहतो तोही याच वृत्तीमुळे. ही वृत्ती घेऊन अंतराळात जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि मंगळाच्या वाटेवर तर मागून येणारे यानही असणार नाही.

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचे ठरवले आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने त्यात तोंड घालावे की नाही, ते प्राध्यापकांनी ठरवावे. पण मला वाटते, डबे एकाच मापाचे असावेत, अख्खी पेटी न बदलता आतला तुकडा काढता यावा आणि बोल्टापर्यंत हातमोजा घातलेला हात पोहोचावा, हे पहिल्या आराखड्यातच ठरायला हवे. त्यासाठी आराखडा काढणाऱ्यांच्या शेजारी एक खुर्ची दुरुस्ती करणाऱ्यासाठी राखावी. गोवंडीच्या त्या मिस्त्रीला विचारा. कोणती गाडी उघडायला सोपी आणि कोणती मुद्दाम छळणारी, हे तो हातातला पाना खाली न ठेवता सांगेल.